शैलाच्या पिशवीतली टॉर्च

शैलाचं काम लोकांच्या घरी जाऊन रक्त काढायचं. केबिन रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती अकरा वर्षं होती. सकाळी साडेसहाला स्कूटी काढायची आणि नऊच्या आत आठ-दहा घरं उरकायची. लग्न होऊन परळहून पेणकरपाड्यात आली तेव्हा तिला इथले रस्ते ठाऊक नव्हते. आता कुठल्या बिल्डिंगचा वॉचमन झोपलेला असतो आणि कुठली लिफ्ट बंद असते, हे तिला तोंडपाठ होतं.

लॅबमधल्या पिंकीने एके दिवशी तिला विचारलं, "ताई, माझा एक पत्ता तुम्ही घ्याल? मला लांब पडतो." पिंकी तेवीस वर्षांची, कामाला लागून जेमतेम वर्ष झालेलं. तो पत्ता तिच्या घरापासून लांब नव्हता. पण शैलाने विचारलं नाही, आणि पिंकीने सांगितलं नाही.

पत्ता पराग नावाच्या गृहस्थाचा होता. पन्नाशीचा, सातव्या मजल्यावर एकटा राहणारा, दर पंधरा दिवसांनी शुगर तपासणारा. पहिल्या खेपेला त्याने चहाचा आग्रह केला. दुसऱ्या खेपेला सुई काढल्यावर कापूस धरायच्या निमित्ताने तिची बोटं दाबून ठेवली. शैलाने हात सोडवून घेतला आणि पिशवी उचलली.

"एवढं काय घाबरायचं? आपण काय परके आहोत?" तो हसला.

शैलाने लॅबच्या मॅनेजरला सांगितलं. "जुना पेशंट आहे, ताई. जरा सांभाळून घ्या," तो म्हणाला. घरी नवऱ्याला, जितेंद्रला, सांगावं तर तो म्हणणार, नोकरी सोड. म्हणून तिने कोणाला न सांगता मोबाइलवरून एक टॉर्च मागवली. हातात मावेल एवढी, काळी. पुढे उजेड पडायचा, आणि बाजूचं बटण दाबलं की दोन टोकांमध्ये निळी ठिणगी कडकडायची. 'महिलांच्या सुरक्षेसाठी' असं खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं. परवान्याचं अवाक्षर नव्हतं.

तिसऱ्या खेपेला परागने दार उघडलं आणि ती आत आल्यावर कडी घातली.

शैलाने तो आवाज ऐकला. "दार उघडं राहू द्या," ती म्हणाली.

"एसी लावलाय ना."

"मग मी रक्त घेत नाही. लॅबला तसं कळवते."

ती वळली तेव्हा तो दार आणि तिच्यामध्ये उभा होता. त्याने तिचं मनगट धरलं. दुसरा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथे थांबला नाही. शैलाचा मोकळा हात पिशवीत गेला. हातमोज्यांच्या खोक्याखाली टॉर्च सापडायला तिला फार वेळ लागला असं तिला वाटलं. प्रत्यक्षात दोन श्वासही झाले नसतील. तिने टोक त्याच्या दंडाला टेकवलं आणि बटण दाबलं.

तो ओरडला, मागे कोलमडला आणि चपलांच्या रॅकचा कोपरा त्याच्या कपाळाला लागला. भळाभळा रक्त आलं.

शैलाने कडी काढली. दार सताड उघडलं. जिन्यापर्यंत धावली आणि थांबली. आत तो कण्हत होता. ती परत फिरली, उंबऱ्यापाशी वाकून त्याच्या कपाळावर कापसाचा बोळा दाबला, त्याचाच हात त्यावर ठेवला आणि म्हणाली, "दाबून धरा." मग समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि लिफ्टची वाट न बघता सात मजले उतरली.

अकरा वाजता पोलीस ठाण्यातून फोन आला. परागने दवाखान्यात टाके घालून घेतले होते आणि जबाब दिला होता, रक्त काढणाऱ्या बाईने विजेच्या हत्याराने हल्ला केला.

ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक बसल्या होत्या. आवाज थंड, नजर कागदावर. शैलाने टॉर्च त्यांच्यासमोर ठेवली.

"हिला परवाना लागतो. आहे?"

"परवाना? टॉर्चला?"

"ही नुसती टॉर्च नाही. विजेचा झटका देऊन माणूस पाडणारी वस्तू नियमांत हत्यारात येते."

"मग ती उघड विकतात कशी?"

"ते विकणाऱ्याला विचारू. आत्ता ती तुमच्याकडे सापडली. तिखटाचा स्प्रे ठेवला असतात तर हा प्रश्नच आला नसता." त्यांनी मान वर केली. "तुम्ही म्हणता तुम्ही घाबरला होता. मग पळून न जाता परत का गेलात?"

"त्यांच्या डोक्यातून रक्त येत होतं."

"ज्याला घाबरलात त्याच्याजवळ गेलात?"

शैलाने होकारार्थी मान हलवली. "मॅडम, रक्त बघून मला तसंच निघून जाता येत नाही. माझं रोजचं काम ते आहे."

उपनिरीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात शैलाने फोन करून बोलावलेला जितेंद्र आणि त्याच्याबरोबर ग्रेसी पोचले. ग्रेसी उत्तनची, ठाणे जिल्हा कोर्टात वकिली करणारी, जितेंद्रची कॉलेजातली मैत्रीण. तिच्या मागोमाग परागचा भाऊ आला. तो हात जोडूनच आत शिरला. "मॅडम, दोन्हीकडची इज्जतदार माणसं. आम्ही तक्रार मागे घेतो, यांनीही काही बोलू नये. मिटलं."

जितेंद्रने शैलाकडे बघितलं. "मिटव," तो हळूच म्हणाला. "कोर्टाची पायरी नको."

ग्रेसीने तिला व्हरांड्यात नेलं. "नीट ऐक. तू त्याला मारलंस ते स्वतःला वाचवायला, हे मी कोर्टात सांगीन. तो हक्क कायद्यानेच दिलाय. पण ती वस्तू बाळगलीस, त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागणार. तू तक्रार लिहिलीस की तो मागे हटणार न्हाय, आणि टॉर्च कागदावर येणार. एकदा आली की पुसता येत न्हाय."

"आणि नाही लिहिली तर?"

"तर तू घरी जाशील. तोही."

शैला भिंतीला टेकून उभी राहिली. समोर शिपाई चहाचे ग्लास गोळा करत होता. तिला पिंकी आठवली, 'लांब पडतो' म्हणताना खाली बघणारी. आपण तेव्हा विचारलं नाही. आता आपण गप्प बसलो तर पंधरा दिवसांनी त्या दारावर तिसरीच कोणीतरी उभी राहील.

ती आत गेली. "माझी तक्रार लिहा. त्यांचीही लिहा. टॉर्च माझीच आहे, मीच विकत घेतली."

जितेंद्रने कपाळाला हात लावला. टॉर्च कापडात शिवून लाखेने सीलबंद झाली, दोन पंचांनी सह्या केल्या, शैलानेही केली.

तिला जामीन मिळाला, पण लॅबने 'प्रकरण निवळेपर्यंत' घरोघरी जाण्याचं काम काढून घेतलं आणि काउंटरवर बसवलं. ओळखीचे पेशंट आले की आधी तिच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायचे. चौथ्या दिवशी पिंकी तिच्याजवळ आली. "ताई, त्याने माझ्याशीही तसंच..." शैलाने काउंटरवर 'बंद'ची पाटी लावली आणि तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. पिंकीचा जबाब तीन पानांचा झाला. त्यानंतर परागकडे पूर्वी धुण्याभांड्याला असलेल्या सुलूचाही झाला. परागला अटक झाली. महिन्याभराने तोही जामिनावर सुटला.

त्याच्यावरचा खटला उभा राहिला आहे. शैलावरचाही. शस्त्राच्या कलमाचं काय होईल, हे ग्रेसीही छातीठोकपणे सांगत नाही. लॅबने एक बदल मात्र केला: एकट्या पुरुषाच्या घरी आता दोघी जातात आणि दार उघडंच ठेवतात.

तारखेला जितेंद्र रजा टाकून येतो आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी बसतो. मागच्या खेपेला त्याने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. मग म्हणाला, "त्या दिवशी मी मिटव म्हणालो होतो."

"हो," शैला म्हणाली. आतून तिचं नाव पुकारलं गेलं, आणि ती पदर सारखा करून उठली.