मोहफुलांचा शॉट

ही गोष्ट मी आईजवळ बोललेली नाही. कुठल्या मैत्रिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मनातल्या मनात तिच्या कडेकडेनं फिरते — नेमकी तिथं जात नाही. मग तुम्हालाच का सांगते? माहीत नाही बाप्पा. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल.

आणि बघा ना, सांगायचं ठरवलं तरी सुरुवात कुठून करू याचाच घोळ चाललाय. म्हणजे अजूनही मी स्वतःसाठी बरी जागा शोधते आहे. खोड जात नाही ती अशी.

बरं. चंद्रपूरला एका कॉलेजात मी पत्रकारिता शिकत होते. राहायला ऊर्जानगरला, मामाच्या क्वार्टरमध्ये. शेवटच्या वर्षाला आम्हाला गटानं एक प्रोजेक्ट होता — एक म्युझिक व्हिडिओ बनवायचा, त्याचे पोस्टर, त्याचं इन्स्टाग्रामचं पेज, अशी पूर्ण मोहीमच चालवायची. पण खरी परीक्षा पुढं होती. व्हिडिओ आधी लोकांना दाखवायचा, लोक काय म्हणतात ते ऐकायचं, आणि त्याप्रमाणे तो सुधारायचा. आमच्या गटाला विषय मीच सुचवला होता. मोहाच्या दिवसांत जंगलात एकटं जाऊ नका.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर एवढं सांगायला पाहिजे. होळीच्या पुढं-मागं मोहाची फुलं गळायला लागतात. ती पहाटेच वेचावी लागतात, उशीर केला तर ढोरं खाऊन जातात. वेचायची म्हणजे वाकायचं. आणि खाली वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. म्हणून आमच्या बाया घोळक्यानं जातात, वाटभर मोठमोठ्यानं बोलतात, आणि झाडाखाली गेल्यावर एक जण वाकतच नाही — ती नुसती उभी राहते, चहूकडं बघत, मधूनमधून हाका घालत. लहानपणी ते काम माझ्याकडं असायचं. आई वाकलेली आणि मी उभी. म्हणून पुढं जे झालं ते मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

गाणं निखिलनं बसवलं. निखिल आमच्या गटातला, घुग्घुसचा, कॅमेराही त्याचाच. शब्द आमच्या बोलीतले होते — एकटी नोको जाऊ बाई, चौघी मिळून जाऊ. शूटिंग माझ्या गावाजवळ केलं. ज्या मुलीला घ्यायचं ठरलं होतं ती काही पहाटे उठून आली नाही, आणि उजेड तर चालला होता. निखिल म्हणाला, तूच हो ना उभी. मी आईचं हिरवं लुगडं नेसले, टोपली घेतली आणि झाडाखाली गेले.

गळलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला नुकताच जाळला होता, त्याचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता, आणि त्याच्यातून कोवळं ऊन आलं. मी वाकले. ओंजळभर फुलं उचलली, वर बघितलं आणि ती टोपलीत सोडली. बस, एवढाच शॉट. फ्रेममध्ये मी एकटी. आणि फ्रेमच्या बाहेर? बाहेर सर होते, सगळा गट होता, फॉरेस्टचा गार्ड होता, गावातले दोघं काठ्या घेऊन उभे होते. चहाचा थर्मासही होता. ते काही कॅमेऱ्यात आलं नाही.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. मी काळी आहे. कॉलेजात तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं, पण ग्रुपचा फोटो काढताना "तू जरा कडेला हो" असं मलाच म्हणत. मीही हसून कडेला व्हायची. आणि त्या शॉटमध्ये — कसं सांगू — त्या शॉटमध्ये मी सुंदर दिसत होते. जन्मात पहिल्यांदा. मामी स्वयंपाकघरात असायची तेव्हा मी तेवढाच तुकडा मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत बसायची. दुसरी कोणी असती तर मी तिच्यावर जळले असते.

मग लोकांना दाखवायची वेळ आली. निखिलनं घुग्घुसला खाणीतल्या कामगारांना दाखवायचं ठरलं, बाकीच्यांनी कॉलेजात. खेड्यातल्या मुलींचं काम मी मागून घेतलं. जंगलाकडं जाणाऱ्या मोहर्लीच्या वाटेवर माझ्या मावशीचं गाव आहे, तिथं मला परकं कोणीच नव्हतं. सरांनी जाताना बजावलं होतं — आवडलं का, असं विचारू नका, तोंडावर सगळे आवडलंच म्हणतात. काय समजलं ते विचारा.

मावशीच्या अंगणात खाटेवर लॅपटॉप ठेवला. गावातल्या मुली गोळा करून आणायचं काम प्रणालीनं केलं. प्रणाली म्हणजे मावशीची एकुलती एक पोरगी, अकरावीला होती. तोंडाचा पट्टा कधी बंद नाही, कोणाचीही नक्कल करायची, माझी तर खासच करायची — चंद्रपूरला राहून मी कशी "मले-तुले" सोडून "मला-तुला" करते ती. मावशी तिला ओरडायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. व्हिडिओ संपला आणि मी विचारलं, काय समजलं?

 मग एक लहानशी पोरगी म्हणाली, "सकारी उठून फुलं येचाले जाव. धुरात मस्त दिसते."

सगळ्या खदाखदा हसल्या. मीही हसले. आणि प्रणाली म्हणाली, "ताई वो, तू त हिरोईनच दिसून राह्यली! मले बी असाच एक काढाचा हाय. आमच्याच झाडाखाली."

वाघाचं नाव एकीनंही काढलं नाही. एकटं जाऊ नये, हे एकीनंही म्हटलं नाही. गाण्यातले शब्द कानावरून गेले होते, डोळ्यांत राहिली होती ती एकटी बाई, धूर आणि ऊन. म्हणजे आम्ही जे सांगायला निघालो होतो, त्याच्या नेमकं उलटं त्या पोरींना समजलं होतं. आणि मला ते कळलं. तिथंच, त्या अंगणात, हसता हसता कळलं. आणि मी काय केलं? प्रणालीच्या गालाला हात लावून म्हणाले, "काढ ना. मस्त काढ. आपल्या पेजवर टाकू."

झालं. हे बोलले मी.

पण एवढ्यावर थांबले असते तरी त्याला चुकून निघालेला शब्द म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे बसलो. निखिलनं सांगितलं, खाणीतच कामाला असलेल्या त्याच्या बाबांनीच विचारलं — एकटी जाऊ नका म्हणता अन् एकटीच बाई दाखवता, हे काऊन? बाकीचे कामगारही तेच म्हणाले होते. निखिल म्हणाला, तो शॉट काढू. त्याच्या जागी घोळक्याचा घेऊ, एक बाई वाकलेली नाही, ती पहाऱ्याला उभी आहे, असा. साधी गोष्ट होती. एका सकाळचं काम. सरांनी माझ्याकडं बघितलं. गावातल्या मुलींना काय समजलं?

मी म्हणाले, सगळं समजलं सर. एकटीनं जाऊ नये, हेच त्या म्हणाल्या. आणि त्यांना तोच शॉट सगळ्यात आवडला.

दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं माझ्या मनचं. खऱ्याला खोटं जोडलं की ते किती पक्कं बसतं, बघा. सर म्हणाले, आपला प्रेक्षक त्याच मुली आहेत, मग त्यांचंच ऐकायला पाहिजे. निखिलनं मग हट्ट धरला नाही. मी तर हरभऱ्याच्या झाडावर चढले होते. त्या "फीडबॅक"च्या जोरावर तो शॉट उचलून व्हिडिओच्या सुरुवातीला आणला. अजून संथ केला. पोस्टरवर तोच, पेजवर तोच. आणि प्रणालीच्याच बोलण्यावरून सुचलं म्हणून वर आणखी एक जोडलं — आमच्या गाण्यावर मोहफुलांसोबत तुमचा रील काढा, पाठवा, आम्ही तो टाकू. ती पोस्ट मी लिहिली. सर म्हणाले, प्रेक्षकांचं ऐकून मोहीम सुधारायची म्हणजे अशी.

व्हिडिओ आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्याही जिल्ह्यात खूप फिरला. ओळख ना पाळख, लोक माझ्याकडं बघून हसायचे — अरे, ही ती मोहवाली. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू. रील यायला लागले. कोणी अंगणात काढलेला, कोणी शाळेत. काही मात्र झाडाखालचे, रानातले. एकटी मुलगी, वाकलेली. मागं कोणीतरी फोन धरून उभं असेलच की, असं मी स्वतःला सांगायची. पण काही रीलमध्ये फोन जरासुद्धा हलत नव्हता. म्हणजे तो दगडाला टेकवून ठेवलेला होता. म्हणजे तिथं दुसरं कोणी नव्हतं. मला दिसत होतं हे. मी त्यांना लाईक करत होते.

प्रणालीचा रील आला नाही.

त्या सकाळी ती गावातल्या बाया निघायच्या आधीच गेली. मावशी चुलीजवळ होती, तिला वाटलं पोरगी नळावर गेली. बाया झाडाजवळ पोचल्या तेव्हा टोपली दिसली, तिथं मुळाला टेकवून ठेवलेला मोबाइल दिसला, आणि ती नव्हती. मग गार्ड आले, गाव गोळा झालं. ती नाल्याच्या पलीकडं सापडली. पुढचं मी सांगणार नाही. अंगावर मावशीचं हिरवं लुगडं होतं, एवढंच सांगते.

आईचा फोन आला तेव्हा मी मामाच्या घरी होते. आता ऐका. मी रडायच्या आधी काय केलं ते ऐका. आईचा हुंदका कानात असतानाच मी आमचं पेज उघडलं आणि रील पाठवायची ती पोस्ट पुसून टाकली. मग ते झाडाखालचे रील पुसले. मग रडले. त्याच क्रमानं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना — आजपर्यंत कोणी माझ्यावर बोट उचललेलं नाही, उचलायच्या आधीच मी माझे हात पुसून घेतले होते.

आणि कोणी उचलणार तरी कसं? गावभर एकच बोलणं होतं. रीलच्या नादापायी गेली. आजकालच्या पोट्ट्यांना घरच्यांचा धाक नाही. सगळ्यांना माहीत होतं की ती रील काढायला गेली, पण तो कोणाचा बघून, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. कसं येईल? आमचं गाणं तर एकटी जाऊ नको म्हणत होतं! तिच्या तेरवीला बसलेल्या लोकांत मी होते. कुंपणानं शेत खाल्लं आणि कुंपणच रडायला बसलं. एक जण म्हणाला, हिनं बिचारीनं एवढं समजावलं लोकांना, अन् हिच्याच घरात असं व्हावं. मी डोळ्याला ओढणी लावली.

निखिलनं मला एकदा विचारलं. फक्त एकदाच. त्या मुलींना खरंच समजलं होतं का गं? मी म्हणाले, हो रे. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर कॅमेरा हातात घेतलेला मी त्याला पाहिला नाही. त्याला वाटतं, आपण हट्ट धरायला हवा होता. माझं ओझं तो वाहतो आहे, हे मला माहीत आहे. तरीही मी त्याला खरं सांगितलेलं नाही.

काऊन? काऊन केलं मी असं? सुंदर दिसायचं होतं म्हणून. एवढंच आहे. खणून बघितलं तरी याच्याखाली दुसरं काही निघत नाही.

मावशीकडं मी जाते. जावंच लागतं, न जाऊन कसं चालेल? खरं तर रडणारी मावशी मला सोसली असती. पण मावशी रडत नाही, ती प्रणालीवर रागावलेली आहे. मेलेल्या पोरीवर. तिचा फोटो तिनं भिंतीवर लावू दिला नाही. चूल फुंकता फुंकता मध्येच म्हणते, "तुनं त गानं म्हनून सांगतलं होतं माय, एकटी नोको जाऊ म्हनून. साऱ्या गावानं आयकलं. माहीच पोट्टी आयकली नाई." मग माझ्या पाठीवरून हात फिरवते. तुझा काही दोष नाही, म्हणते. माझी समजूत घालते ती!

एका वाक्याचं काम आहे. मावशी, तिनं ऐकलं होतं. जे मी दाखवलं आणि जे मी बोलले, ते तिनं तंतोतंत ऐकलं होतं. एवढं म्हटलं तर मावशीचा पोरीवरचा राग जाईल. तिची पोरगी तिला परत चांगली दिसेल. हे मला माहीत आहे, आणि तरी दर वेळी मी तिथं बसते, चहा पिते, आणि गप्प राहते.

परवा गेले होते. पुन्हा मोहाचे दिवस आलेत. तेव्हा "धुरात मस्त दिसते" म्हणालेली ती लहानशी पोरगी अंगणात आली, आता तीही मोठी झाली आहे. मावशीनं तिला हाताला धरून माझ्यासमोर आणलं आणि म्हणाली, "हे पाय, ह्या ताईचं आयकत जाजो. प्रणालीसारखी होऊ नोको."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली.