मडम आणि सासूबाईंचे काप

आमच्या सासूबाईंनी जन्मभर आचऱ्याच्या बाजारात मासे विकले. कानात सोन्याचे गोल, जाडजूड काप, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडला की मान अशी झटकायच्या की आधी काप चमकायचे, मग राग कळायचा.

त्या कापांवर मडमेचा पहिल्यांदा डोळा पडला तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. मडम म्हणजे कुठल्याशा गार देशातली उंच, गोरी बाई. गळ्यात गावोगावच्या माळा. जुन्या नथी, वाळे, पाटल्या गोळा करायचा तिला नाद. सासूबाईंच्या तोंडाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. फोटो काढला तो नुसत्या कापांचा. मग खुणेनेच विचारलं, देणार का?

"इकूक पापलेटां आसत. घेतंस तर घे," सासूबाई म्हणाल्या आणि माशांवर पाणी मारायला लागल्या.

यंदा तीच मडम परत आली. आता घरामागे आम्ही पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात, तिथेच उतरली. केस पांढरे झालेले, गळ्यात काही नाही. आल्या आल्या सासूबाईंचं नाव विचारलं, त्यांच्या शेजारी दारापुढच्या खळ्यात फतकल मारून बसली. माझी मुलगी इंग्रजी फाडफाड बोलते, तिने सगळं समजावून सांगितलं. मडमेच्या देशात म्हणे आता असा दागिना बघून कुणी कौतुक करत नाही. आधी विचारतात, हा तुझ्याकडे आला कसा? तिला धड उत्तर देता येईना. शेवटी तिने विकत घेणंच सोडलं. खरं सांगते, मला ती आवडली.

पण घरात मुलीचं लग्न ठरलेलं. सासूबाईंचे काप मोडून तिला झुमके करायचे, हेही ठरलेलं. ते ऐकलं आणि मडमेचा चेहरा उतरला. मोडू नका, अशी कारागिरी पुन्हा व्हायची नाही, ही तुमची संस्कृती, जपा!

माझं डोकंच सणकलं. तेव्हा म्हणे द्या, आता म्हणे जपा! आमच्या दागिन्यांचं काय करायचं ते ठरवणारी ही कोण?

मुलगी मात्र विरघळली. "आजये, रवांदेत गो. माज्यासाठी मोडू नको."

सासूबाईंनी कानातले काप चाचपले. आपलं सोनं नातीच्या अंगावर बघायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली होती. त्या म्हणाल्या, "ह्ये काप काय आभाळातसून पडले? माज्या सासूची माळ मोडून केले. तिका ती तिच्या सासून दिलली. आमच्यात सोना पेटयेत रवत नाय, बाय. लेकी-सुनांच्या अंगार चलता."

हे मडमेला सांगता सांगता मुलगीच आजीला जाऊन बिलगली. आणि मला, काय सांगू, या घरची सून असल्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मालवणला सोनाराकडे सासूबाईंनी आपल्या हाताने काप उतरवून ठेवले. मडमही आली होती. मुशीत सोनं वितळताना तिला बघवत नव्हतं, तरी उठून गेली नाही.

लग्नाला थांब म्हटलं, थांबली. मांडवात सासूबाई पुढेच बसलेल्या, कानांची ओघळलेली भोकं रिकामी. मडमेने हळूच स्वतःच्या कानाला हात लावून खूण केली, आता तुमचे?

सासूबाईंनी नवरीची हनुवटी धरून तिचं तोंड मडमेकडे वळवलं. झुमके हलले.

"ह्ये बघ माजे कान!"