घाटावरच्या मुलीचा आवाज

"सर, घाटावरच्या मुलीचा खरा आवाज सापडला," मी हेडफोन काढत म्हणालो.

जुन्या चित्रपटांचा आवाज दुरुस्त करणं हे माझं काम. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे हाताला धरून हे काम शिकवलं ते सरांनी. तेव्हा हातात असलेला चित्रपट आमच्याच भागात, पुणतांब्याला गोदावरीच्या घाटावर चित्रित झालेला. तो ज्या कादंबरीवर आहे, ती शाळेत गुरुजी आम्हाला वाचून दाखवायचे.

त्यात नायिका पाणी मागते. घाटावरची मुलगी म्हणते, "पानी हाय, पन घागर माझी न्हाई." कादंबरीत हे असंच छापलंय. चित्रपटात मात्र ती म्हणते, "पाणी आहे, पण घागर माझी नाही."

चित्रीकरणाच्या काळी कॅमेरा फार खडखडायचा. जागेवरचा आवाज फक्त अंदाजासाठी घेत. त्याला गाइड ट्रॅक म्हणतात. त्यावरून पुढे स्टुडिओत डबिंग व्हायचं. घाटावरची मुलगी म्हणजे गावच्या गयाबाई. त्यांना डबिंगला कुणी बोलावलंच नाही. पुण्याची एक बाई बोलली.

मी भेटलो तेव्हा गयाबाई म्हणाल्या होत्या, "तोंड माझं, बोलती दुसरीच. नाती हसत्यात. म्हनत्यात, आजी, पिच्चरमदी लई शुद्ध बोलतीस! एकदा माझं मला बोलू द्या, दादा."

मला सापडलेला गाइड ट्रॅक सरांनी ऐकला. निर्मात्यांना फोन केला आणि मला म्हणाले,

"ओठांशी जुळतंय. पण टेपवर नाव नाही, आणि घाटावर त्या दिवशी आणखी बायका होत्या. बाईंनी स्वतः ओळखला तरच घालायचा, असं म्हणतायत."

खडखड कमी करून मी पुणतांब्याला गेलो. ओसरीवर गयाबाई आणि त्यांचे मालक सोपानराव बसले होते. लॅपटॉपवर वाक्य लावलं.

सोपानराव उभेच राहिले. "हीच! लगीन झालं तवा अशीच बोलायची!"

गयाबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. परत एकदा. मग मान हलवली.

"ही कोन पोरगी? म्या न्हाई ही."

"अगं, तूच की! मी सांगतोय ना."

"तुमी? जलमात कधी माझं ऐकलंय व्हय तुमी?"

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही हो म्हणालात तरच चित्रपटात तुमचा आवाज जाईल."

"म्हनूनच न्हाई म्हनते. एकीचं काढून तिसरीचंच घालायचं व्हय माझ्या तोंडात?"

मी सरांना फोन लावला. "सर, काका खात्रीनं सांगतायत. चालेल?"

"नाही रे. बाईंनीच म्हणायला हवं."

चित्रपटात पुण्याच्या बाईचाच आवाज राहिला. निर्मात्यांना विचारून ते वाक्य मी सोपानरावांच्या मोबाईलवर टाकून दिलं. गयाबाई शेतात गेल्या की ते लावून बसतात म्हणे.

रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज माणसाला परकाच वाटतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात. तरी त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून तो प्रश्न गयाबाईंनाच विचारला. आता ओळख पटवायची असली की मी आधी बोलणाऱ्याच्या घरच्यांना ऐकवतो.