दोन राज्यांमधलं दुकान

आमच्या रस्त्यावर दारूचं एकच दुकान होतं, आणि ते चालवणारा माणूस आयुष्यात कधी थेंबाला शिवला नव्हता. म्हणून सगळे त्याला कोरडेशेठ म्हणायचे. नवीन माणसाला ते त्याचं आडनावच वाटायचं, आणि तोही दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचा नाही. माझं शिंप्याचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे त्याचा सगळा दिवस माझ्या शिलाई मशीनपुढून जायचा. सकाळी बाटल्या पुसून लेबलं समोर येतील अशा लावायच्या, गिऱ्हाईक आलं की जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. कुणाचा पाय अडखळताना दिसला की तो आवाज न चढवता म्हणायचा, "आज पुरे. उद्या या." गिऱ्हाईक आधी शिव्या घालायचं, मग गयावया करायचं, मग घरी जायचं. धंदा वडिलांचा. याला म्हणे शिक्षक व्हायचं होतं, पण वडील अचानक गेले आणि दुकान गळ्यात पडलं.

त्याची थोरली बहीण रस्त्याच्या टोकाला राहायची. सगळा रस्ताच तिला ताई म्हणायचा. आई आजारी असायची, त्यामुळे कोरडेशेठला लहानपणी न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनेच केलेलं. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. हाताला गुण असलेला माणूस, इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. पण संध्याकाळ झाली की त्याला दुसरं काही सुचायचं नाही. कोरडेशेठ मेहुण्यांना बाटली विकायचा नाही. त्याचा उपयोग काहीच नव्हता, कारण डेपोतलं कुणीही त्यांच्यासाठी घेऊन जायचं. भाऊ देत नाही, तरी घरात येणारी बाटली भावाच्याच फळीवरची असते, हे ताईला सलत राहिलं.

आमच्या राज्याचा कायदा असा, की वस्तीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी कौल दिला तर तिथलं दारूचं दुकान बंद करावं लागतं. ताईच्या कानावर हे आलं आणि तिने पदर खोचला. मतदान घ्यावं म्हणून आधी सह्या लागत होत्या, त्यासाठी ती घर अन् घर फिरली. भावाचं घरही तिने वगळलं नाही. मी तेव्हा तिथे पडदे लावत स्टुलावर उभा होतो. उतरावं की तसंच राहावं कळेना, म्हणून तसाच उभा राहिलो. तिने कागद भावजयीपुढे ठेवला. भावजयीने नवऱ्याकडे न बघता सही केली. मग ताईने तो भावाकडे सरकवला.

"मी नाही करणार, ताई," तो म्हणाला. "तुझ्या पाठीमागे काही बोलणार नाही, कुणाला अडवणारही नाही. पण सही नको मागूस."

"मी तुझ्या तोंडावर येऊन सांगितलं, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली आणि चहा न घेताच निघाली.

मतदान झालं आणि बाटली आडवी झाली. बायकांनी ताईला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. दुकानाला सील लागलं. ते लावताना कोरडेशेठ स्वतः लाख वितळवायला मेणबत्ती धरून उभा होता.

पण आमच्या रस्त्याची एक गंमत आहे. समोरच्या बाजूची दुकानं जिथे संपतात, तिथेच आमचं राज्य संपतं. दुकानांच्या पाठीमागची गल्ली पलीकडच्या राज्यात येते. तिथल्या दिव्यांची वीज वेगळी, कचऱ्याची गाडी वेगळी, आमचे दिवे गेले तरी तिथले चालू. कोरडेशेठच्या वडिलांनी तिकडची पडीक जागा घेऊन दुकानाला लागूनच गोदाम बांधलं होतं. म्हणजे पुढची खोली अलीकडे, मागची पलीकडे. आणि पलीकडच्या राज्यात दारूविषयी सगळाच कारभार निराळा. वस्तीने मत देऊन दुकान बंद पाडायची तिथे सोयच नव्हती. फक्त एक अट होती, विक्री त्यांच्या हद्दीत व्हावी आणि शेजारच्या राज्यात उघडणारं दार किंवा खिडकी दुकानाला नसावी.

कोरडेशेठने काही महिने कुठे नोकरी मिळते का पाहिलं. दोन मुली शिकत होत्या. त्या वयाच्या माणसाला, तेही दारूच्या दुकानातून आलेल्याला, कुणी ठेवून घेईना. शेवटी त्याने पलीकडे अर्ज केला. तिकडचा निरीक्षक टेप घेऊन आला, भिंती मोजून गेला. मग गवंडी आला. रस्त्याकडचं दार विटांनी चिणलं आणि गोदामाला गल्लीकडून नवं दार काढलं. तेच दुकान, तोच माणूस, त्याच बाटल्या. फक्त दुकानाने आमच्याकडे पाठ केली.

ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. बाजारात समोर आला तर ती भाजी न घेता दुसऱ्या बाजूला जायची.

त्यातून भलतंच झालं. पलीकडच्या राज्यातली बाटली आमच्या हद्दीत आणणं हा गुन्हा होता, आणि गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा. पूर्वी जी माणसं बाटली घरी नेऊन चार दिवस पुरवायची, ती आता तिथेच भिंतीला टेकून, उभ्या उभ्या, घाईघाईने संपवायला लागली. कोरडेशेठ आताही "आज पुरे" म्हणायचा, पण गल्लीत उभा असलेला दुसरा कुणी लगेच पुढे होऊन घ्यायचा. गर्दीत कोण कुणासाठी घेतोय, त्याला कळेनासं झालं. तो थकलेला दिसायला लागला. एकदा माझ्याकडे शर्टाचं माप द्यायला आला, तर मागच्यापेक्षा माप बरंच आत आलं होतं.

पुढे एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, त्याचे मेहुणे गल्लीतल्या गटाराच्या कडेवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं आणि डोकं कठड्यावर आपटलं. कुणीतरी ताईला बोलावून आणलं. अॅम्ब्युलन्स लवकर आली, पण माझ्या दुकानापुढे येऊन थांबली. ड्रायव्हर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, गल्ली आमच्या हद्दीत नाही, मला तिथे जाता येत नाही, आणि गाडी तिथे वळायचीही नाही. पेशंटला रस्त्यावर आणा, पुढचं मी बघतो. पलीकडच्या राज्याची गाडी निघाली होती, पण ती पुलावरून वळसा घालून येणार. गल्लीतून आमच्या रस्त्यावर यायचं तर नाल्याकाठच्या खड्ड्यांतून फिरून यावं लागायचं, आणि रक्त तर थांबत नव्हतं.

आम्ही रस्त्यावर उभे होतो. ताई ड्रायव्हरचा दंड धरून काहीतरी सांगत होती. तेवढ्यात चिणलेल्या दारामागून धपधप आवाज यायला लागला. आधी मला कळलंच नाही. मग एक वीट बाहेर पडली, तिच्यामागून पहारीचं टोक दिसलं.

"ताई, बाजूला हो," आतून कोरडेशेठचा आवाज आला.

बाहेरून आम्हीही हातांनी विटा ओढायला लागलो. भोक माणसापुरतं झाल्यावर मेहुण्यांना आडवंच बाहेर काढलं. कोरडेशेठने बाटल्या जमिनीवर उतरवून रॅकची लांब फळी काढली होती, तिच्यावर त्यांना ठेवलं होतं. ताई गाडीत चढली. तिने मागे वळून भावाकडे पाहिलं. तो विटांच्या भुकटीने केसापासून चपलेपर्यंत लाल झाला होता.

"चल," ती म्हणाली.

दोन्ही राज्यांकडून दुकान सताड उघडं टाकून तो तिच्या शेजारी जाऊन बसला. बाटल्या मीच राखत बसलो, दुसरं काय करणार. एकही गेली नाही, हे गल्लीतल्या लोकांबद्दल सांगायला हवं.

मेहुणे वाचले. पाय थोडा आखूड झाला, डेपोची नोकरी सुटली. इकडे पलीकडच्या राज्याची नोटीस आली. आठवड्याच्या आत भिंत बांधा, नाहीतर परवाना जाईल. मी कोरडेशेठला माझ्या ओळखीचा गवंडी सुचवला.

"भावोजींना उचललं ना, तेव्हा त्यांच्या तोंडाला वास येत होता," तो म्हणाला. "माझ्याच दुकानाचा. आता परत तिथे विटा लावायला हात धजत नाही."

परवाना गेला. त्याच्या बायकोने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि त्या दुकानात आता नळ, पाइप, पाण्याच्या मोटारी मिळतात. मेहुणे पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय लांब करून मोटारी दुरुस्त करतात. त्यांची दारू सुटली असं नाही म्हणता येणार. महिन्यातून एखाद्या वेळी काठी टेकत पलीकडे जातात, पण परत आल्यावर ताईला खरं सांगतात. पूर्वी तेही सांगत नव्हते. गल्लीत दुसऱ्या कुणीतरी कोरडेशेठच्याहून मोठं, झगमगीत पाटीचं दारूचं दुकान काढलंय, आणि तिथे "आज पुरे" म्हणायला कुणी नाही.

यावरून बहीण-भावाचं रोज वाजतं. तो म्हणतो, तू रस्त्यावरचं दुकान बंद करून लोकांना गल्लीत ढकललंस. ती म्हणते, आणि गल्लीत दार कुणी काढलं? दोघांचंही खरं आहे, त्यामुळे चहा निवतो तरी भांडण संपत नाही.

हल्ली ताई पलीकडच्या वस्तीत जाते. तिथल्या बायकांना एकत्र करून, त्यांच्या सरकारनेही आमच्यासारखा कायदा करावा म्हणून मागणी लावून धरलीय. तिला तिथे मत नाही, सहीही करता येत नाही. बायका विचारतात, तुम्ही तर तिकडच्या, तुम्हाला काय पडलंय? ती तरी जाऊन बसते. पुलावरून लांब पडतं, म्हणून भाऊ तिला स्कूटरवर सोडतो आणि बैठक संपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबतो. आत का जात नाही, असं मी एकदा विचारलं.

"मला अजून पटलेलं नाही," तो म्हणाला. "पण तिला परत आणायला कुणीतरी पाहिजे ना."