दोन खुर्च्यांमधलं अंतर

नाशिकच्या हॉटेलातल्या परिसंवादात तो माझ्या शेजारी बसला होता. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. तो सायखेड्याहून आलेला, निमंत्रण नसलेला एकमेव श्रोता. रुग्णाची माहिती संगणकावरून एका रुग्णालयातून दुसऱ्यात क्षणात कशी जाईल, हे व्यासपीठावर शेजारी-शेजारी बसलेले दोन रुग्णालयांचे संचालक सांगत होते. तो टोपी मांडीवर ठेवून, एक अर्ज दोन्ही हातांनी धरून ऐकत होता.

"मंडळीचं उद्या ऑपरेशन हाय," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरला जुना एक्स-रे पाहिजे. तो मागायला त्या चष्मेवाल्या साहेबांची सही लागते, अन् द्यायला त्यांच्या शेजारी बसलेल्यांची. तीन दिवस झाले, हापिसात दोघंबी सापडत नाय."

चहाची सुट्टी होताच तो व्यासपीठावर चढला. चष्मेवाल्यांनी सही केली आणि अर्ज त्यालाच परत दिला. शेजारच्यांचं कोपर त्यांच्या कोपराला लागलेलं होतं. तो वळसा घालून पलीकडे गेला, वाकला, दुसरी सही घेतली.

दाराशी मला म्हणाला, "मशीन चांगलं हाय, साहेब. पण पहिलं या दोघांच्या मधी बसवा म्हणावं."

आणि एक्स-रे आणायला तो जवळजवळ पळतच गेला.