मामाच्या बोर्डिंगातला आंबा

बाकीची माणसं गोंधळली की थांबतात. माझा मामा गोंधळला की चालण्याचा वेग वाढवायचा. एका जागी उभा राहून विचार करताना मी त्याला कधी पाहिलंच नाही. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात घंटेची हातोडी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, अशा थाटात तो आलापल्लीच्या पुढे, जंगलात, मुलांचं एक बोर्डिंग चालवायचा. चालवायचा म्हणजे बोर्डिंग पुढे चालायचं आणि मामा मागून "अरे राजाहो, कुठी चालले?" करत धावायचा.

नागपूरला कॉन्व्हेंटातून मॅट्रिक झाल्यावर मला बारीक ताप यायला लागला, म्हणून आईने मला हवाबदलासाठी वर्षभर त्याच्याकडे पाठवलं. मामी नव्हती. मामाचं लग्न राहूनच गेलं होतं. बहुधा तो मुहूर्त विसरला असावा. मी मुळात कमी बोलणारी. मुलं माडिया गोंडांची, घरी गोंडी बोलणारी. मराठीत बोलायचं म्हटलं की ती जितकी अवघडायची तितकीच मीही. त्यामुळे ते वर्ष आम्ही एकमेकांकडे बघण्यात आणि नजरानजर झाली की दुसरीकडे बघण्यात काढलं. बोलायचं काम मामाकडे होतं आणि ते तो सर्वांच्या वाटचं करायचा.

अंगणात आंब्याचं मोठं झाड होतं. त्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. मामा घंटा द्यायचा, दिल्याचं विसरायचा आणि पुन्हा द्यायचा. एका सकाळी मुलांनी प्रार्थना दोनदा म्हटली. तिसऱ्यांदा घंटा झाली तेव्हाही ती मुकाट्याने रांगेत उभी राहिली. का, ते मला कळलं नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल. नावांच्या भानगडीत तो पडतच नसे, प्रत्येक मुलगा "राजा". हजेरीची त्याची पद्धतही स्वतःची होती. पहाटे कांबळ्यांच्या बाहेर आलेले पाय मोजायचे आणि दोनाने भागायचं. "डोस्की लपतात पोरी, पाय लपत नाई," असं त्याचं म्हणणं. दर वेळी एक पाय जास्त भरायचा आणि मग दिवसभर तो ज्याच्या त्याच्या पायांकडे संशयाने बघत हिंडायचा. वाघाच्या भीतीने एकदा त्याने फाटकाला पक्कं कुलूप घातलं, तेव्हा सगळी मुलं नदीवर आंघोळीला गेली होती आणि आत तो एकटा होता. मुलं कुंपणावरून उड्या मारून आली आणि त्याच्या जानव्याला बांधलेली किल्ली त्यांनी त्याला दाखवली.

फाल्गुनात आंब्याला कैऱ्या लगडल्या. पण इतक्या मुलांतल्या एकानेही दगड मारला नाही की फांदी हलवली नाही. मामाची छाती फुगली. दर रविवारी तो 'चोरी करू नये' या विषयावर व्याख्यान द्यायचा. "पाह्य पोरी, हे माह्या व्याख्यानाचं फळ! झाडावर लटकून राह्यलं." मलाही कौतुक वाटलं, पण मनात खुटखुट होती. आम्हालाही कॉन्व्हेंटात चोरीवर पुष्कळ ऐकवत आणि तरीही नन्सच्या पेरूंची आम्ही गय करत नव्हतो.

चैत्रात तपासणीचे साहेब यायचे होते. मोहफुलं वेचायच्या दिवसांत मुलं घरी पळत, त्यामुळे आधीच्या तपासणीत साहेबांना बोर्डिंग रिकामं दिसलं होतं. यंदाही तसंच दिसलं तर बोर्डिंग बंद, असं बजावलेलं होतं. मामाने मुलांपुढे हात जोडले. "राजाहो, साहेब येऊन जाऊ द्या. मग मोह काय, सारं जंगल वेचा." मुलं थांबली. एकही गेला नाही. मामाला भरून आलं, आणि भरून आलं की तो स्वयंपाकघरात शिरायचा. तपासणीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने कैऱ्या उतरवून त्याने वरणात घातल्या, वाटीवाटी चटणी केली आणि साहेबांसाठी, माझ्यासाठी पन्हं करून ठेवलं.

पंगत बसली. मी पन्ह्याचा पेला संपवला, पण मुलं पत्रावळीकडे बघत राहिली. कोणी हात लावेना.

"काऊन राजा? खारट झालं?" मामाने विचारलं.

"नाई मास्तर," लालसू म्हणाला. तो त्यांच्यातला सर्वांत मोठा.

"तिखट?"

"नाई. आंबा हाये त्याच्यात."

"आंबाच हाये न बाप्पा, विष थोडीच हाये!" असं म्हणून मामाने मोठा घास घेऊन दाखवला. सगळ्या रांगेने श्वास रोखला. एका लहानग्याने तर डोळे गच्च मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात आला. त्या एका सकाळी तो चालत नव्हता, उभा होता. दोन्ही चष्मे हातात होते.

"एकही पाय नाई, पोरी," तो म्हणाला. "मीनं काय केलं त्याईले?"

दुपारी साहेबांची जीप आली. मामाने त्यांना आंब्याखाली बसवून पन्हं दिलं.

"मुलं कुठे आहेत?"

"होती साहेब. काल होती."

"मागच्या वेळीही काल होती." साहेबांनी पेला रिकामा केला आणि ते उठले.

तेवढ्यात जंगलाकडून ढोल ऐकू आला. वाटेवरून एक म्हातारा पुढे आणि मागे आमचं अख्खं बोर्डिंग! म्हातारा त्यांच्या गावचा गायता, म्हणजे देवाचं सगळं बघणारा. लालसू धापा टाकत मामाला सांगू लागला, "सण झाल्याबिगर नवा आंबा खात नाई आमी. देवाले देल्यावरच खायचा. तुमी खाल्ला, मास्तर. तुमाले साप धरंन का वाघ धरंन, म्हून याले आनाले पळालो."

गायत्याने एक कैरी फोडून कोय बघितली. "धरली कोय. आता सण करता येते," तो म्हणाला. मग मोठ्याने विचारलं, "कोन कोन खाल्ला?"

मामाने वर्गात करतात तसा हात वर केला. साहेबांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "पन्हं धरायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"धराचं न!"

त्यांचाही हात वर गेला. मी भिंतीआड होते. तेवढ्यात तो डोळे मिटणारा लहानगा ओरडला, "बाईनं बी पेलं!" त्या वर्षात माझ्याविषयी कोणी मुलगा बोलला तो हा पहिला शब्द.

आम्हा तिघांना रुळाच्या घंटेखाली ओळीने उभं केलं. गायता गोंडीत बरंच काही बोलला, त्यात 'मास्तर' एवढंच मला कळलं. कपाळाला तांदूळ लावले, पानावर कैरीचे तुकडे देवाला ठेवले, आणि मग मुलं त्या आंब्यावर अशी तुटून पडली की मामाची सगळ्या रविवारांची व्याख्यानं मला एकदम आठवली.

साहेबांनी मुलं डोळ्यांनी पाहिली होती, बोर्डिंग राहिलं. मामाची मात्र नागपूरला कचेरीत बदली झाली. बोर्डिंग उत्तम आहे, पण चालवणारा फार गोंधळलेला आहे, असं साहेबांचं मत पडलं. "म्हंजे मी पास झालो का नापास?" असं मामा परतीच्या वाटेवर सारखं मला विचारत होता.

नागपुरात आंबे बाजारात लवकर येतात. मामा त्यांना हात लावत नाही. चैत्र लागला की तो मोटार स्टँडवर जातो, चांद्याकडून, म्हणजे बोर्डिंगच्या बाजूने, आलेल्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "तिकडं सण झाला का हो?" कोणता सण, हे सांगायचं त्याला सुचत नाही. लोक त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मी पिशवी धरून थोडी लांब उभी असते.

यंदा बांबूची टोपली घेऊन उतरलेल्या एका म्हातारीने त्याला उत्तर दिलं. "झाला न, बाप्पा. कवाचाच झाला. खाय आता."

"झाला?" मामाचा चेहरा उजळला. घरी येताना त्याने आंबे घेतले आणि झपाझप चालू लागला. पुलापाशी येऊन तो एकाएकी थांबला.

"झाला म्हणते पोरी," तो म्हणाला. "मंग आपल्याले सांगाले कोणी काऊन नाई आलं?"