झुरळांच्या पेटीवरचे गवसकाका

हे मी आजपर्यंत कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, दारू पिऊन नाही, देवासमोरसुद्धा नाही. आणि मी म्हणजे कोण, तर ज्याच्या पोटात गरम चहाही गुपचूप राहत नाही असा माणूस. आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये मला थापाड्या म्हणतात, अगदी मानाने म्हणतात, सेक्रेटरी-खजिनदार म्हणावं तसं. माझी थाप सकाळी तळमजल्यावरून सुटली की गच्चीवर पोचेपर्यंत तिला मिशा फुटलेल्या असतात. माझ्या आजोबांनी शहाडच्या पुलाखाली उल्हास नदीत नुसत्या हातांनी एक मासा धरलेला, तो मासा दरवर्षी वाढतो. मेल्यावर वाढणारा मासा जगात एकच. गेल्या साली तो नदीत मावेना, तेव्हा मी नदी रुंद करून घेतली.

तर असा मी. आणि एवढंच एक घशात अडकून बसलंय — का? खरं आहे म्हणून. खरं सांगायची मला सवय नाही हो. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही.

सुरुवात सिंकखालून करतो. आमच्या सिंकखाली झुरळं धरायची पुठ्ठ्याची पेटी असते. तुमच्याकडेही असेल. आत गोंद, आणि दाराशी एक म्हातारा छापलेला — अंगाने डावीकडे कललेला, एका हातात तीन पुडांचा डबा, दुसरा हात पुढे केलेला, आणि तोंडाजवळ फुगा: ‘या पाहुणे!’ झुरळ त्याच्या मिशीवरून चढून आत जातं. परवा एक मिशीवरच मेलं. पाय वर, एक पाय अजून हलत होता. मला तिथेच, भांड्यांवर, ओकारी आली. झुरळाला मी घाबरत नाही. आमच्याकडची झुरळं एवढी मोठी, की ती मला ओळखतात. ओकारी त्या म्हाताऱ्याच्या हसऱ्या तोंडामुळे आली. ते तोंड मी काढलंय.

त्याचं नाव तिरकेबापू. डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात, शेवटच्या पानावर, तीन चौकटींत मी तो बारा वर्षं काढत होतो. गावात पानही हलत नसताना ह्या एकट्याला उजवीकडून वारा लागतोय, असा चालणारा रिटायर्ड गृहस्थ. पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबायचा, आपल्याच डाव्या पायाला आदराने ‘या पाहुणे’ म्हणायचा, मग तो पाय यायचा. बस, एवढंच. पण लोक त्याच्यावर जीव टाकायचे. साप्ताहिक विकत न घेणारेसुद्धा त्याचे फोटो काढून फोनवर फिरवायचे. फिरत फिरत बापू ठाण्याला पोचला, झुरळं मारणाऱ्या एका कंपनीत. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नाही. त्यांना बापू हवा होता. विकत नव्हे हं — खोली भाड्याने घेतात तसा, करार करून, इतक्या वर्षांसाठी. पेटीवर, फिनाइलच्या बाटलीवर, संडासात टांगायच्या सुवासिक वड्यांवर, टीव्हीच्या जाहिरातीत, आणि मॉलमध्ये मुलांशी शेकहँड करायला माणसाच्या उंचीचा, फोमचा.

वड्यांवर! बारा वर्षं ज्याला मी कधी साधी शिवी देऊ दिली नाही, तो माणूस आज शेकडो संडासांत टांगलाय आणि हसतोय.

पण हे अजून ते नव्हे. हा नुसता वास आहे. मेलेलं काय आहे ते पुढे.

बापू मला सुचला कसा, हे मी अनेक ठिकाणी सांगितलंय. मला एकशेसात ताप होता, थर्मामीटर तडकला, डॉक्टर टोपी काढून उभे राहिले, आणि मी डोळे उघडले तर भिंतीवरच्या ओलीत बापू उभा! लोक टाळ्या वाजवतात. एका शाळेत तर मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. खरं सांगू? बापू मला सुचला नाही. तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

रघुनाथ गवस. गवसकाका. मूळचे सावंतवाडीकडचे, जन्म गेला मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे भरलेलं पिंप पायावर आलं. पाय वाचला, पण सरळपणा गेला. दवाखान्यातून घरी आले तो दिवस मला आठवतो — मी शाळकरी होतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी सगळी बिल्डिंग गप्प उभी. काकू रडत होत्या. काकांनी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे वाकून म्हणाले, ‘या पाहुणे, घर आपलंच आहे.’ आणि अख्खा जिना हसला. त्या माणसाने स्वतःचं दुखणं आमच्यासाठी असं सोपं करून टाकलं. मी काय केलं? मी ते कागदावर उतरवलं.

चोरून नव्हे, तेवढं कबूल करतो — तेव्हा तरी नव्हे. काकांना माहीत होतं. दर रविवारी अंक घेऊन खाली यायचे, माझ्या खुर्चीत बसायचे आणि चुका काढायचे. परवाच्या अंकात तू उजवा पाय काढलास, पाहुणे डावीकडे उतरलेत. डब्याची कडी उलटी आहे. पाणी सोडण्यावरून पहिल्या मजल्यावर झालेलं भांडण तेच रंगवून सांगायचे, आणि मी पुढच्या रविवारी छापायचो. अर्धा बापू त्यांचा, अर्धा माझा. अर्धा? — बघा, सवय जात नाही. पाऊण त्यांचा. सगळी कात्रणं त्यांनी कारखान्याच्या जुन्या डायरीत चिकटवलेली. आणि मागितलं काय आयुष्यात? एकदाच, जाता जाता, चप्पल शोधत म्हणाले, ‘अव्या, कुठे भाषणाबिषणाला बोलावलं तर एकदा सांग रे, हा आमच्या बिल्डिंगमधला माणूस आहे म्हणून. नाव नको घेऊस. नुसतं सांग.’

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात मी ताप एकशेसातवरून एकशेआठवर नेला.

करार करायला मी ठाण्याला गेलो, तेव्हा कंपनीच्या वकीलबाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला. हे पात्र कुणा जिवंत माणसावरून घेतलंय का? घेतलं असेल तर हरकत नाही, त्याचं संमतीपत्र आणा, एक सही पुरे. एक सही! काकांनी नाचत केली असती. फ्रेम करून लावली असती. मला फक्त तीन जिने चढायचे होते. आणि मी — पेन उघडून लिहिलं, ‘हे पात्र पूर्णपणे काल्पनिक असून माझ्या एकट्याच्या कल्पनेतून निर्माण झाले आहे.’ ‘एकट्याच्या’ हा शब्द त्यांच्या मसुद्यात नव्हता. तो मी घातला.

का? पैशासाठी म्हणाल तर तसं नाही. काकांना वाटा द्या असं कुणी म्हणत नव्हतं. मला निर्माता व्हायचं होतं हो. बघून काढणारा कुणीही असतो. आयुष्यभर लोक माझ्या थापांना हसले. एका कागदावर, शिक्क्यासकट, माझी एक थाप खरी ठरत होती. सोडवेना.

हेही ते नव्हे. थांबा जरा.

मग पुस्तिका करायची होती. चित्र भाड्याने दिलं की सोबत नियम द्यावे लागतात — बापूच्या शर्टाचा निळा कोणता, मान किती कलती, चालतो कसा. चालीची अकरा कलमं मी लिहिली. बारा वर्षांत बापूची चाल माझ्या हातून हळूहळू गोड होत गेलेली: थोडी उसळी, थोडा ठेका, लग्नाच्या वरातीत शोभेल अशी. आणि त्याच बारा वर्षांत वर गवसकाकांचा पाय वाईट होत गेलेला. हे दोन माझ्या डोक्यात कधी शेजारी उभे राहिले नाहीत.

ते उभे राहिले कंपनीच्या गोडाऊनमध्ये. फोमच्या पोशाखात शिरायला माणूस हवा होता, म्हणून साप्ताहिकात जाहिरात दिलेली. निवड करायला बसलो होतो मी आणि रोहन नावाचा एक जाहिरातवाला पोरगेला साहेब, हातात माझी पुस्तिका. आठ जण चालून दाखवून भिंतीशी बसले होते. एक तर असा उड्या मारायचा, की बापूऐवजी मारुतीच वाटावा. नववे आत आले — इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ती डायरी. गवसकाका. मला न सांगता आलेले. कोपरहून एकटे, त्या पायाने. मला बघून त्यांनी डोळा मारला. कळतंय ना तुम्हाला? त्यांना नोकरी नको होती. त्यांना वाटलेलं, मी उठेन आणि चार लोकांत ओरडेन, अरे हेच तर!

ते चालले. थांबले, खाली पाहिलं, म्हणाले ‘या पाहुणे’, आणि पाय — आला नाही लगेच. वेळ लागला. ओढावा लागला. त्यात गंमत नव्हती, दुखणं होतं, उघडं. रोहनने पुस्तिकेत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ‘सर, वॉक थोडा ऑफ वाटतोय ना?’

मी म्हणालो, ‘हो. बापू असा नाही चालत.’

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण मी कधी थांबलोय? मी उठलो. खुर्ची मागे सरकवली आणि त्यांच्यासमोर, त्यांच्यापासून चार हातांवर, लंगडून दाखवलं. ठेका, उसळी, सगळं. भिंतीशी बसलेले आठही जण हसले. टाळ्या पडल्या. मला — सांगतो, आता काय लपवायचं — मला बरं वाटलं. वळून पाहिलं तर काकाही हसत होते, थोडंसं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पायाकडे बघायला लागले, नवीन मशीन शिकताना बघतात तसं, लक्ष देऊन. आणि माझ्यासारखं चालायचा प्रयत्न केला.

‘असं का रे?’

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा केलं. उसळी घ्यायला गेले. त्या पायात उसळी कुठून येणार? तिसऱ्यांदा तोल गेला आणि त्यांनी रिकाम्या पेट्यांच्या थप्पीला धरलं. माणूस स्वतःच्याच लंगडण्यात नापास होत होता, आणि परीक्षक मी. रोहन भला पोरगा. पाणी दिलं, बसवलं, काका तुम्ही दमलात म्हणाला. मग मला हळूच विचारलं, आप जानते हो क्या इनको? हळूच म्हणजे, काकांना ऐकू जाईल इतपत. मी म्हणालो, आमच्याकडचे आहेत, बघण्यातले. डायरी पिशवीतच राहिली.

काम संपलं तेव्हा खिडकीतून दिसलं, काका गेटबाहेर पानवाल्याच्या बाकड्यावर बसलेले. माझ्यासाठी. एकाच बिल्डिंगमध्ये जायचं तर बरोबर जाऊ, एवढा सरळ हिशोब. मी माल उतरवतात त्या मागच्या दाराने निघालो आणि रिक्षा केली. ते किती वेळ बसले मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. नाही. इथपर्यंतचं मी एखाद्या दिवशी कुणाला सांगितलंही असतं. रंगवून, स्वतःला दोन शिव्या घालून, शेवटी सगळ्यांना हसवून. पुढचं नसतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी चहा पीत होतो, कप हातातच. दारात गवसकाका — तीन जिने उतरून आलेले, कठडा धरून, श्वास लागलेला. मला वाटलं, आता शिव्या. खरंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा सुटल्यासारखंही वाटलं. दिली असती एक कानाखाली, तर गाल पुढे केला असता.

काका म्हणाले, ‘अव्या, काल मी तुझी फजिती केली रे. मला वाटलेलं जमेल, नाही जमलं. तुझ्या साहेबासमोर तुला खाली बघायला लागलं. मनात ठेवू नकोस.’

त्यांच्या चेहऱ्यात मी शोधलं — टोमणा असेल, कुठेतरी कोपऱ्यात. नव्हता. हा माणूस माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून, स्वतःसारखं चालता आलं नाही म्हणून, माझी माफी मागत होता. एक वाक्य बोलायचं होतं. आत या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी कप डाव्या हातात घेतला. उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, मोठेपणाने. म्हणालो, ‘असू दे, काका. होतं असं.’

मी त्यांना माफ केलं.